उजव्या कानाशी

ट्रक मोठ्या रस्त्याला लागला आणि गाडीत कुठेतरी टिकटिक होते आहे असं वेल्डन कास्परच्या लक्षात आलं. बारीक, सारखी, हट्टी टिकटिक. आधी त्याला वाटलं, कानात नव्याने घातलेली मशिनंच बिघडली. ती बसवून अजून तासही झाला नव्हता. दवाखान्यातल्या कोवळ्या पोरीनं मोठ्या कौतुकानं ती त्याच्या कानांमागे अडकवली होती आणि हळूहळू सवय होईल हं, असं शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं. त्याने एक मशीन काढून पाहिलं, टिकटिक कमी झाली. परत घातलं, वाढली. म्हणजे मशीन नव्हे, ट्रकच. सॅन अँटोनियोतल्या इमारतींच्या गच्च्यांवर एअरकंडिशनर दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. यंत्र कुरकुरतंय म्हटल्यावर तो गप्प कसा बसेल? एका टायरवाल्याच्या दुकानासमोर त्याने ट्रक थांबवला, बॉनेट उघडलं आणि जुलैच्या उन्हात घाम टिपत इंजिनाचा कोपरान् कोपरा तपासला. टायरवाला बाहेर येऊन शेजारी उभा राहिला, त्याने काहीतरी विचारलं, वेल्डनने सवयीनं मान डोलावली. मग तो पुन्हा आत बसला तेव्हा समोर एक हिरवा बाण उघडझाप करताना दिसला. इंडिकेटर. इंडिकेटरला आवाज असतो हे तो साफ विसरून गेला होता.

तो एकटाच मोठ्यानं हसला आणि स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकून दचकला. मग त्याला आठवण झाली ती ओलेटाच्या हाताची. गेली कित्येक वर्षं गाडीत शेजारी बसलेली त्याची बायको मध्येच त्याच्या गुडघ्यावर दोनदा थोपटायची. टप टप. तो विरघळायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी बाईच्या मनात येतंय, असं वाटून तो आपला हात तिच्या हातावर ठेवायचा आणि तसाच मैलोन्‌मैल गाडी हाकायचा. कधी मागच्या गाड्यांतले लोक खिडकीतून हात बाहेर काढून काहीबाही खुणा करत पुढे जायचे, तेव्हा त्याला वाटे, हल्ली लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही. आता टायरवाल्यासमोर बसून त्याला सगळं लख्ख दिसलं. ती त्याला सांगत होती, वेल्डन, इंडिकेटर चालू राहिलाय. आणि त्याने हातावर हात ठेवला की ती तो तसाच राहू द्यायची. त्याला लाज वाटली, हसूही आलं, आणि त्या दोन्हींच्या खाली एक तिसरंच काहीतरी हललं. इंडिकेटरसारखं आणखी काय काय चालू राहिलं असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि घरी पोचेपर्यंत मनातून गेला नाही.

घरात शिरला तर फ्रिज गुरगुरत होता. दार करकरलं, त्याच्याच पट्ट्याचं बक्कल खणखणलं, खिशातल्या किल्ल्या एखाद्या पाजी पोराच्या खुळखुळ्यासारख्या वाजल्या. न्हाणीघरातल्या नळाला ठिबकण्याची खोड लागली होती, ती कधीपासून कोण जाणे. घरभर हे एवढे सगळे बोलत होते आणि ओलेटा गप्प होती. सोफ्यावर बसून ती पाय वर घेऊन बुटांना पॉलिश करत होती, कारण आज बुधवार होता, आणि बुधवारी ते दोघं कोपेकींच्या हॉलवर नाचायला जात. ब्रशची फरफर त्याला ऐकू आली. मशिनांचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. सहा वर्षं ती मागे लागली होती आणि सहा वर्षं त्याने ठाम नकार दिला होता, माझ्या कानांना काही झालेलं नाही, तूच पुटपुटतेस, असं तिलाच चार शब्द सुनावले होते. आता गुपचूप जाऊन बसवून आलो म्हटलं की ती जिंकली. तेवढं हरायलाही त्याची तयारी होती. फक्त त्याला ते झोकात करायचं होतं, ती काहीतरी बोलेल आणि तो पलीकडच्या खोलीतून सहज उत्तर देईल, असं. म्हणून तो पलीकडच्या खोलीत जाऊन बसला आणि कान टवकारून वाट पाहू लागला. बराच वेळ गेला. फ्रिज बंद पडला, पुन्हा सुरू झाला. शेवटी ओलेटा दारात आली, तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. निघायचं ना, एवढंच. तेही तोंडानं नाही.

तेव्हा त्याला खरी भीती वाटली. कारण ही बाई गप्प बसणारी नव्हती. ह्याच कोपेकींच्या हॉलवर, थोरले कोपेकी गल्ल्यावर बसत त्या दिवसांत, त्याने तिला पहिल्यांदा नाचायला विचारलं होतं. ती त्याच्या हातात आली ती बोलतच आली. पहिलं गाणं संपेपर्यंत तिने त्याला आपल्या मावशीचं लग्न कसं मोडलं, कोंबड्यांना साप कसा लागला, आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दात खोटे आहेत हे सगळं सांगून टाकलं होतं. टू-स्टेप म्हणजे काय, दोन पावलं झटपट, दोन सावकाश. आंधळ्यालाही जमावीत अशी. पण तिच्या बोलण्याच्या नादात त्याची पावलं चुकत होती, मागच्या जोड्या अंगावर येत होत्या. तू नेहमी एवढं बोलतेस का, असं त्याने विचारलं. त्यावर ती म्हणाली होती, "पावलांचं तू बघ. बोलण्याचं मी बघते." हा करार त्याला मंजूर होता. वेल्डन घुम्या घरात वाढलेला. त्याच्या बापाचं जेवताना 'मीठ' या एका शब्दावर भागायचं. लोक डोळ्यांवर भाळतात, कमरेवर भाळतात. वेल्डन कास्पर त्या आवाजावर भाळला आणि तो आवाज घरात नांदावा म्हणून त्याने लग्न केलं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

मग तो आवाज गेला कुठे? एका दिवसात गेला नाही. गच्चीवर धडधडणाऱ्या यंत्रांना उजवी बाजू देऊन काम करता करता आधी उजवा कान गेला, मग डावाही निम्मा. सुरुवातीला तो 'काय?' म्हणून विचारायचा. मग 'काय?' विचारायचाही कंटाळा आला, आणि मान डोलावणं सुरू झालं. मान डोलावण्यात त्याने पुढे अशी हातोटी मिळवली की नंदीबैलानं त्याची शिकवणी लावावी. समोरच्याचा चेहरा बघायचा, हसला तर हसायचं, कपाळाला आठी घातली तर च्‌च्‌ करायचं. ह्या मान डोलावण्यापायी मेव्हणी जॉनी फे तीन महिने राहून गेली, अंगणातली त्याची लाडकी होडी विकली गेली, पुढचा ओटा निळ्या रंगाचा झाला. प्रत्येक वेळी ओलेटा म्हणायची, तूच तर हो म्हणालास. आणि तो खरंच म्हणालेला असायचा. पण हे गमतीचं झालं. ओलेटाला घरात त्याच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला येऊन आवाज चढवावा लागे. जेवायला चल, हे ओरडून सांगता येतं. औषध घे, हेही येतं. पण आज उगाचच उदास वाटतंय, किंवा त्या ढगाचा रंग बघ, असं कोणी ओरडून सांगत नाही. ओरडण्याजोगं तेवढं बोलणं शिल्लक राहिलं आणि बाकीचं हळूहळू घरातून निघून गेलं. ते त्याला आज कळत होतं, कानांत नवी कोरी मशिनं घालून, शांत घरात. आपण उशीर केला आणि तिने बोलणं सोडून दिलं, आता जगातली किती का यंत्रं आणली तरी ती काय ऐकवणार, फ्रिजच ना.

जाताना ट्रक तोच चालवत होता आणि ओलेटा नेहमीप्रमाणे उजवीकडे बसली होती, म्हणजे नेमकी गेलेल्या कानाच्या बाजूला. शहराच्या शेवटच्या दुकानांपाशी वळल्यावर त्याने इंडिकेटर मुद्दाम तसाच ठेवला. टिकटिक होऊ दिली. एक शेत गेलं, गुरांचं कुंपण गेलं, ऊन तिरपं होऊन तिच्या मांडीवर आलं. आणि मग आला तिचा हात. टप टप. त्याने लगेच आपला हात तिच्या हातावर ठेवला, आणि ह्या वेळी अगदी समजून उमजून ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या नाकातून एक बारीकसा उसासा निघाला, किंवा हसू. मशिनं नवी होती, त्याला नीट ओळखता आलं नाही. पण तो अचानक खूश झाला, कशामुळे ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कोपेकींच्या हॉलवर बुधवारी स्वयंपाकी नसतो. मागच्या अंगणात विटांची लांबलचक शेगडी आहे, तिच्यात मेस्किटची लाकडं दुपारपासून जळून निखारे झालेले असतात. खिडकीतून अ‍ॅग्नेसबाई कोपेकी कच्चं मांस दाखवतात, आपण बोट दाखवून आपला स्टेक निवडायचा, मीठ-मिरी-लसूण लावायचं आणि स्वतःच जाळीवर टाकून भाजायचं. पंधरावीस माणसं शेगडीभोवती हातात चिमटे घेऊन उभी असतात, आणि एक नियम सगळे पाळतात, की दुसऱ्याच्या मांसाला हात लावायचा नाही. शेजाऱ्याचा कोळसा होत असला तरी तोंड मिटून आपल्यापुरतं बघायचं. ह्या शेगडीवर वेल्डनचं एके काळी नाव होतं. तो मांसाकडे बघायचाच नाही. पाठ करून गप्पा मारायचा आणि चरबी निखाऱ्यावर पडते त्या आवाजावरून नेमक्या क्षणी वळून उलटायचा. चुर्र जाड झालं की उलटायचं, बारीक झालं की काढायचं. पुढे कान गेले, पण पाठ करून उभं राहण्याची ऐट गेली नाही. गेली काही वर्षं तो ओलेटाच्या ताटात जे वाढत होता त्याला अंगणात सगळे बुटाचा तळ म्हणत, अर्थात त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून.

आज त्याने स्टेक टाकले आणि शेगडी त्याच्या अंगावर ओरडली. काय तो आवाज! पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसं तडतड, चुर्र, फुस्स. लोकांचे चिमटे, बिअरच्या बाटल्या, कुठल्याशा बाईचं खिदळणं, आत बँडवाल्यांचं तारा पिळणं, सगळं एकदम कानांत घुसलं. त्यातून आपली चरबी कुठली आणि शेजाऱ्याची कुठली हे कसं कळावं? तरी त्याने हट्टानं पाठ केली, डोळे मिटले, आणि आवाज ओळखीचा झाला असं वाटताच ऐटीत वळून दोन्ही स्टेक उलटले आणि लगेच काढले. नियमाप्रमाणे कोणी काही बोललं नाही. बाकावर बसून ओलेटाने सुरी चालवली तेव्हा ताटात लाल तळं साचलं. डेल्बर्ट, वेल्डनबरोबर गच्च्या चढलेला जुना मित्र, समोरच बसला होता. ताटात आल्यावर मात्र बोलायला कोणाची हरकत नसते.

"वेल्डन, ह्याच्या मालकाला फोन कर," डेल्बर्ट म्हणाला. "सांग, तुमची गाय सापडली. किरकोळ लागलंय तिला."

सगळं बाक हसलं. वेल्डनही हसला, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं की आज आपण इतरांचे चेहरे बघून हसलो नाही, विनोदालाच हसलो. गंमत म्हणजे विनोद तसा बेताचाच होता. किती वर्षं आपण डेल्बर्टला फार मोठा विनोदी माणूस समजत आलो, असं त्याच्या मनात आलं. ओलेटा मात्र काही न बोलता तुकडे करून खात होती. चांदीच्या कागदातला बटाटा तिने उघडला, त्यात लोणी घातलं, आणि अर्धा त्याच्या ताटात सारला. तिच्या गालावर आज एक वेगळीच लाली होती. दुपारपासून होती, की त्याने आत्ताच पाहिली? तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. बोल, तो मनात म्हणत होता. कच्चं आहे म्हण, आंधळा आहेस का म्हण, काहीही म्हण. तिने ओठ पुसले आणि हॉलच्या दाराकडे मान वळवली, कारण आत सुरुवात झाली होती.

आत शिरताना त्याने हॅट जरा खाली ओढली. कानांवर आलेले पांढरे केस आणि हॅटची कड ह्यांच्यामध्ये मशिनं दिसत नव्हती, हे त्याने घरी आरशात तिन्ही बाजूंनी बघून ठेवलं होतं. जमिनीच्या फळ्यांवर मक्याचं पीठ शिंपडलेलं होतं आणि त्यावरून बूट घसरतात त्याचा एक सळसळता आवाज असतो. तोही तो विसरला होता. त्याने तिचा एक हात धरला, दुसरा तिच्या पाठीवर ठेवला, ती नेहमीसारखी त्याच्या उजव्या खांद्याशी आली, आणि दोघं फिरणाऱ्या जोड्यांत मिसळली. इथे सगळे एकाच दिशेने फिरतात, घड्याळाच्या उलट, आणि वाटेत थांबायचं नाही. थांबलेल्या जोडीकडे वेल्डननेच आजवर कितीदा डोळे वटारून पाहिलं असेल. दोन झटपट, दोन सावकाश. मग व्हायोलिन वर चढलं. इतकी वर्षं त्याच्यासाठी व्हायोलिन एका उंचीपर्यंत जाई आणि तिथून नुसतं वाजवणाऱ्याचं कोपर हलताना दिसे. आज ते त्या उंचीवरून पुढे गेलं, आणखी पुढे, आणि वर जाऊन त्याने एक बारीक सूर ताणून धरला. हे सगळं इथेच होतं. दर बुधवारी होतं. आपण त्याच्या मधोमध नाचत होतो, कोरडे.

तेवढ्यात उजव्या कानाशी काहीतरी गुणगुणलं. त्याला वाटलं, ती गाण्याबरोबर गाते आहे. तिचा श्वास तिथे नेहमीच लागायचा, ऊबदार, थांबून थांबून. नाचून दम लागत असेल, असं तो समजत असे. आता त्या श्वासाला शब्द फुटले होते. तो एकदम आतून ताठ झाला, पावलं मात्र आपली आपण चालत राहिली.

"...तर त्या शेजारणीच्या कुत्र्यानं आपली तिन्ही टोमॅटोची झाडं उकरली," ओलेटा सांगत होती. "मी तिला काही बोलले नाही. तिचा मुलगा घर सोडून गेलाय ना, ती बिचारी त्या कुत्र्याचाच लाड करते. आज मांस कच्चं होतं, राजा. पण बुटाच्या तळापेक्षा बरं. मला आवडलं. तुझ्या शर्टाला धुराचा वास येतोय, तोही आवडला. काय सांगत होते? हां, टोमॅटो."

आणि ती सांगत सुटली. त्याच्या पायाखालची जमीन सरकली नाही. उलट इतक्या वर्षांनी ती जागेवर आली. तोच आवाज! थोडा जाड झालेला, मध्येच धाप घेणारा, पण तोच, एका वाक्यातून दुसऱ्यात घुसणारा, कोंबड्या, साप आणि खोटे दात सांगणारा. तिने बोलणं सोडलं नव्हतं. तिने जागा बदलली होती. जिथे ओरडावं लागत नाही, तोंड कानाला लागलेलं असतं, आणि ऐकणारा बहिरा असतो, अशी जगातली एकमेव जागा तिने शोधून काढली होती, आणि दर बुधवारी आठवड्याचं सगळं साठलेलं तिथे आणून ओतत होती. आणि तो काय करत होता? गालाला श्वास लागला की खूश होऊन मान डोलावत होता. त्याला इतका आनंद झाला की तिला उचलून गरगर फिरवावं असं वाटलं. आणि तेवढ्यातच वाटलं की हे आपल्यासाठी नाही. माणूस विहिरीच्या काठावर बसून बोलतो तेव्हा विहिरीने ऐकायचं नसतं. आता सांगावं की सांगू नये? सांगितलं, तर ती गप्प होईल. न सांगितलं, तर हा आवाज दर बुधवारी त्याचा. नुसती मान डोलवायची, ती तर त्याला येतच होती.

"आणि डॉक्टरांचा फोन आला दुपारी," तिचा आवाज खाली गेला. "काही नाही निघालं, वेल्डन. गाठ साधी आहे, राहू दे म्हणाले. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. तू कुठेतरी बाहेर गेला होतास. मागच्या बुधवारी तुला सांगितलं ना, मला भीती वाटतेय म्हणून, इथेच, ह्या खांबापाशी. तेव्हा तू इतकी छान मान डोलावलीस. मला बरं वाटलं, खरंच. कोणाला तरी सांगायचं होतं."

मागचा बुधवार त्याला आठवत होता. खांबापाशी ती फार जवळ आली होती, तिचं कपाळ त्याच्या गालाला टेकलं होतं, आणि आज बायको रंगात आहे असं वाटून तो हसला होता. हसला होता. पलीकडून जाणाऱ्या डेल्बर्टला त्याने डोळासुद्धा मिचकावला होता. एवढी मोठी भीती घेऊन ही बाई आठवडाभर त्याच घरात, त्याच पलंगावर, त्या गुरगुरणाऱ्या फ्रिजशेजारी हिंडत होती. आणि आता, सगळं ठीक असताना, त्याची मान सवयीनं डोलू लागलीच होती. खाली गेली, वर येऊ लागली. ती अर्ध्यावर आवरायला त्याला जेवढी ताकद लागली, तेवढी गच्चीवर यंत्रं चढवतानाही कधी लागली नव्हती.

"कुठे होती गाठ?" त्याने विचारलं.

ओलेटाचं पाऊल चुकलं. इतक्या वर्षांत ते त्याने कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं. ती थांबली, तोही थांबला, भर वाटेत, आणि मागून येणारा डेल्बर्ट जोडीदारणीसकट त्यांच्यावर आदळला. म्हाताऱ्या, बाजूला मर, असं डेल्बर्ट म्हणाला आणि वळसा घालून गेला. ओलेटा वेल्डनकडे बघत होती. मग तिने हात वर करून त्याची हॅट काढली, आणि कानामागचे केस, मुलाच्या डोक्यात उवा बघाव्यात तसे, बोटांनी बाजूला केले.

"कधीपासून?" तिने विचारलं. चेहरा लालबुंद झाला होता.

"आज दुपारपासून."

"मग मागच्या बुधवारचं?"

"नाही."

"वसंतातलं? नाताळातलं?"

"काहीच नाही, ओलेटा. तुझ्या गळ्याची शपथ. पहिलं ऐकलं ते टोमॅटो."

ती क्षणभर हिशेब लावत राहिली, आपण काय काय बोललो, त्यातलं काय काय लपून राहिलं. मग ती हसायला लागली. तोंडावर त्याचीच हॅट धरून ती हसली, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि आजूबाजूच्या जोड्या त्या दोघांना वळसे घालून जात राहिल्या, त्यातल्या कोणी काही टोमणे मारले तेही त्याला सगळे ऐकू आले. "बरं झालं," ती अखेर म्हणाली. "त्यातलं बरंचसं तुझ्याबद्दल होतं."

"ते परत सांगू नकोस."

"नाहीच सांगणार."

तिने हॅट त्याच्या डोक्यावर ठेवली, वाकडीच, आणि पुन्हा त्याच्या उजव्या खांद्याशी आली. ती दोघं फिरणाऱ्यांत शिरली. दोन झटपट, दोन सावकाश. आणि ती गप्प झाली. बँडसमोरून गेली, बारसमोरून गेली, तिचा श्वास तिथेच होता, कानाशी, पण नुसता श्वास. उघड्या दारांतून शेगडीचा धूर आत येत होता आणि अंगणातली संध्याकाळ जांभळी झाली होती. घालवलं आपण, वेल्डनला वाटलं. आता घरी फ्रिज आणि इथे व्हायोलिन, आणि हिचं बोलणं कुठेच नाही. वर गेलेला तो गोड सूरही त्याला नकोसा झाला. ती पुन्हा बोलणार असेल तर ही दोन्ही मशिनं काढून ह्या पिठाच्या फळ्यांवर टाकायला आणि बुटाखाली चिरडायला तो तयार होता. तिला तसं सांगावं, म्हणून त्याने तोंड उघडलंही. पण शब्द जुळवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. त्याने फक्त पाठीवरचा हात जरा घट्ट केला आणि पावलं सांभाळत राहिला.

खांब आला. खांबापाशी ती जरा जवळ सरकली.

"डाव्या बाजूला होती," ती हळू म्हणाली. ओरडली नाही, आणि विहिरीत बोलल्यासारखंही बोलली नाही. ऐकणाऱ्या माणसाशी बोलतात तसं, अडखळत बोलली. "आंघोळ करताना हाताला लागली. तपासून घेतली आणि दवाखान्याबाहेर आले, तर गाडी कुठे लावली तेच आठवेना. एवढं मोठं पटांगण, सगळ्या गाड्या सारख्या, डोक्यावर ऊन. मी आपली किल्लीचं बटण दाबत हिंडतेय, हिंडतेय..."

तिथे ती थांबली. तिने मान किंचित मागे घेऊन त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान हलली नव्हती. तो वाट बघत होता, गच्चीवरचं यंत्र सुरू होतं की नाही ते ऐकताना जसा श्वास रोखून उभा राहायचा तसा.

"मग?" वेल्डनने विचारलं.